पलटण सरांची पेन्सिल

पलटण सर मेलेली माणसं शाईनं लिहीत आणि पळालेली पेन्सिलीनं. ही सवय त्यांना कुठून लागली ते पुढे सांगतोच. पण आमच्या वडनेरच्या शाळेतला त्यांच्या हातचा कुठलाही हजेरीपट काढून पाहा, शाईच्या खुणांमध्ये मधूनच एखादा पुसट, राखाडी शब्द दिसेल: 'गैरहजर'. काही ठिकाणी तो खोडलेला असेल आणि कागद तिथं खरबरीत झालेला असेल. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी ते पाहिलं आणि हेडसरांच्या देखत विचारलं, "काय हो, सरकारी हजेरीपट पेन्सिलीनं भरतात का?" सर उठून उभे राहिले, हात मागे बांधले आणि म्हणाले, "साहेब, जे पोरगं उद्या येऊ शकते, त्याले आज शाईनं गैरहजर लिहाची माही हिंमत होत नाई." साहेबांनी लाल शाईनं शेरा मारला. सरांनी तो शेरा आम्हा पोरांना कौतुकानं दाखवला आणि पुढच्या महिन्यातही पेन्सिलच वापरली.

ते इतिहास शिकवायचे आणि शिक्षक कमी पडले की मराठीही. अंगानं काटकुळे, बुशशर्ट कायम बाहेर सोडलेला, कानावर पेन्सिल आणि वरच्या खिशात खोडरबराचा तुकडा. त्या तुकड्यानं खिशाला आतून काळा डाग पडलेला असे आणि काकू, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती, त्यावरून रोज बोलत. गावात कुणी त्यांना नावानं हाक मारल्याचं मला आठवत नाही. पानठेल्यावरचा माणूससुद्धा "या पलटण सर" म्हणायचा. बाहेरच्याला वाटे, हे निवृत्त फौजी असावेत. छे! सरांनी आयुष्यात एनसीसीची काठीसुद्धा उचलली नव्हती. त्यांना नुसतं मोठ्यानं भांडणारं कुणी दिसलं तरी ते रस्ता बदलत.

त्यांची पलटण होती ती अमेरिकेतली, दीडशे वर्षांपूर्वीची. हिंगणघाटला एक जुनी कापसाची जिनिंग गिरणी बंद पडली तेव्हा तिच्या कचेरीतली कपाटं रद्दीवाल्यानं उचलली. त्यात एक पुठ्ठा गेलेला जाडजूड इंग्रजी ग्रंथ निघाला. अमेरिकेत उत्तरेचे आणि दक्षिणेचे आपसांत लढले, त्या यादवी युद्धातल्या स्वयंसेवक पायदळ पलटणींचा तो जमाखर्च. कुठलीही पलटण घ्या, मजकूर एकाच साच्यातला: कुठं उभी राहिली, कुठून कुठं चालत गेली, कुठं मुक्काम, कुठं लढाई, कधी मोडली, आणि शेवटी दोन ओळींत किती माणसं लढाईत गेली, किती रोगानं. गोष्ट नाही, वर्णन नाही, काही नाही. कुणाही शहाण्या माणसानं दोन पानं वाचून तो ग्रंथ वाणसामान बांधायला दिला असता. सरांनी तो सायकलीच्या कॅरियरला बांधून वडनेरला आणला आणि डिक्शनरी मांडीवर घेऊन मराठीत लिहायला बसले. एक रजिस्टर संपलं की दुसरं. हे काम त्यांनी जवळजवळ पंचवीस वर्षं केलं.

"पन काऊन, सर?" असं आम्ही विचारायचो. पोरं विचारणारच. मग ते खिडकीतून बाहेर बोट दाखवत. खिडकीबाहेर शाळेला लागून वावर होतं आणि त्यात कपाशीची पऱ्हाटी उभी असे. "थे दिसून राह्यली ना? तिकडं भाऊ भावाले मारत होता, म्हनून तिकडचा कापूस अडकला. मंग विलायतेच्या गिरन्याइले हिंगनघाटचा कापूस आठवला. आपले बुढे म्हनत, काय सोन्याचे दिवस होते! कोनाच्या मरनानं आले, हे एकानंही पुसलं नाई. म्हनून मी पुसून राह्यलो." असं म्हणताना त्यांचा आवाज चढत नसे. उसनं घेतलेलं भांडं परत करायचं राहून गेलं असावं, तसा ओशाळा चेहरा होई.

शिकवायची त्यांची तऱ्हाही निराळी. मैल आणि परगणे असलं काही नाही. "ही पलटन आपल्या वडनेरवरून निघाली समजा. पह्यल्या दिवशी हिंगनघाट. दुसऱ्या दिवशी जामले मुक्काम. तिसऱ्या दिवशी पानी आलं, चिखल झाला, फक्त तीन कोस. बूट फाटले, पायाले फडकं बांधलं. अन् नागपूरले पोचल्यावर वरून हुकूम आला का वापस जा." आम्ही म्हणायचो, "अरे बाप्पा!" आणि ते म्हणत, "अरे बाप्पा तर तेही म्हनत असतील, त्याइच्या भाषेत." त्या पलटणींतली माणसं शेतकरी होती, लोहार होती, एखादा मास्तरही असे. आपल्या मर्जीनं नाव लिहून आलेली, एका गावातली, एका शाळेतली. हेच सरांना सगळ्यात जास्त लागायचं. ते म्हणायचे, "गाव एका दिवशी भरती झालं, तं गाव एका दिवशी मरते."

त्या ग्रंथाच्या शेवटी कशी कोण जाणे एका तुकडीची नावनिशीवार यादी चिकटवलेली होती. नाव, वय, धंदा आणि शेवटच्या रकान्यात काय झालं ते. आम्ही नववीत गेलो त्या वर्षी सरांनी ती यादी आमच्यात वाटली. प्रत्येकाला एक शिपाई, वर्षभरासाठी. सकाळची आमची हजेरी झाली की शिपायांची हजेरी. सर नाव घेत आणि ज्याचा तो शिपाई त्यानं उठून "हजर" म्हणायचं. इतिहासाचा धडा जसजसा पुढं सरके, तसतशी एकेका शिपायाची वेळ येई. मग त्या पोरानं उठायचं, पण बोलायचं नाही. माझ्या बाकावरच्या गजाननाच्या वाट्याला एक लोहार आला होता. एका सकाळी सरांनी त्याचं नाव घेतलं, गजू गप्प उभा राहिला आणि सरांनी रकाना वाचला: "हगवणीनं मृत्यू." वर्ग फुटला. गजू स्वतः सगळ्यांत मोठ्यानं हसला. सर थांबले, आम्ही दमेपर्यंत थांबले, मग म्हणाले, "हसा. मलेही पह्यल्यांदा हसू आलतं. त्याच्या मायले चिठ्ठी गेली असंल तवा तिले नसंल आलं." आणि त्यांनी गजूच्या लोहारासमोर शाईनं बारीक अक्षरात तारीख घातली.

आणि माझ्या वाट्याला कोण आला? पळपुटा! एझ्रा नावाचा, वय एकोणीस, धंदा शेती, शेवटच्या रकान्यात 'पळून गेला'. कुणाला खांद्यावर गोळी लागलेली, कुणी झेंडा धरलेला, आणि मी फरार. पोरांनी मला 'फरार्‍या' म्हणायला सुरुवात केली. पाणी प्यायला गेलो तरी "पकडा रे त्याले!" दोन दिवस सोसलं, तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तणतणत सरांच्या घरी गेलो. ओसरीवर काकू सांबार, म्हणजे कोथिंबीर, निवडत बसल्या होत्या, सर बाजेवर रजिस्टर घेऊन. मी म्हणालो, "सर, मले दुसरा शिपाई द्या. मेलेला दिला तरी चालते." काकू हसून हसून बेजार झाल्या.

सर हसले नाहीत. त्यांनी मला जवळ बसवलं आणि रजिस्टर उघडून दाखवलं. सगळी पानं शाईची, पण 'पळून गेला' असं जिथं जिथं होतं तिथं पेन्सिलीनं लिहिलेलं 'गैरहजर'. म्हणाले, "पाह्य विनोद. हा मेला, हे दहा जनाइनं पाह्यलं. त्याले पुरलं. म्हनून शाई. पन हा पयाला, हे कोनं पाह्यलं? सकाळी हजेरीले नव्हता, कारकुनानं लिहून टाकलं. पेरनीले घरी गेला असंल. माय बिमार असंल. आला असंल मंग वापस, त्या कारकुनाची बदली झाली असंल. मले काय मालूम? म्हनून पेन्सिल." मी म्हणालो, "मंग खोडून टाका ना जी." तर त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली, जणू मी देवघरात चप्पल घालून गेलो. "आपल्या मनानं खोडाचं नसते. ज्यानं त्याले वापस येताना डोळ्यानं पाह्यलं, त्यानंच खोडाचं. तवर ते राहू द्याचं." मग काकूंनी मला मुरमुऱ्याचा चिवडा दिला आणि मी एझ्राला घेऊन घरी आलो. त्या दिवसानंतर मला तो पळपुटा वाटला नाही. चिडवणारे चिडवत राहिले, पण मला त्याचं काही वाटेना.

हा नियम त्यांनी आमच्यावरही चालवला. वर्गातला दिलीप त्याच दिवाळीनंतर शाळेत यायचा बंद झाला. घरी कुणाशी तरी बिनसलं आणि हा पठ्ठ्या हायवेवरच्या ट्रकमध्ये बसून हैदराबादकडे गेला. तीन महिने दिलीपसमोर पेन्सिलीतलं 'गैरहजर' वाढत गेलं. हेडसर म्हणत, नाव कमी करा. सर म्हणत, करतो, आणि करत नसत. फाल्गुनात एका सकाळी दिलीप वर्गाच्या दारात येऊन उभा राहिला. केस वाढलेले, अंगात कुणाचातरी मोठा शर्ट. आम्हाला वाटलं आता छडी निघते. सरांनी त्याला पुढं बोलावलं, टेबलाजवळ उभं केलं आणि खिशातला खोडरबर काढून तीन महिन्यांचं एकेक 'गैरहजर' त्याच्यासमोर खोडलं. किती वेळ लागला! फुंकर मारत, कागद फाटू न देता. दिलीप आधी इकडं तिकडं पाहत होता, मग ढसाढसा रडायला लागला. सर म्हणाले, "झालं. आलास ना? बस जाग्यावर." कायद्यानं ते चूकच होतं, हे मला आज कळतं.

त्यांच्या हातून एक मोठी चूकही झाली. पलटण चालते म्हणजे काय ते कळावं म्हणून एका रविवारी त्यांनी आम्हाला हिंगणघाटच्या वाटेनं पायी नेलं. शिदोरी पाठीवर, बोलायचं नाही, रांग मोडायची नाही. उन्हं चढली, बाटल्या संपल्या आणि आम्ही काही जण सरांची पाठ वळलेली पाहून नाल्याचं पाणी प्यालो. तिसऱ्या दिवशी चार पोरं आडवी. गजू सगळ्यांत जास्त, त्याला हिंगणघाटला नेऊन सलाईन लावावी लागली. गजूचा बाप शाळेत आला आणि सरांना नाही नाही ते बोलला. सर हात जोडून उभे.  गजू बरा होईपर्यंत ते रोज सायकल हाणत दवाखान्यात जात होते. परत वर्गात आला तेव्हा त्याला म्हणाले, "गजानन, मी दहा वर्सं लिहून राह्यलो का बंदुकीपेक्षा पान्यानं जास्त मेले. अन् तुम्हाले पान्याचं सांगाचं मीच भुललो." त्यानंतर शिपायांची हजेरी वर्गात बंद झाली. हेडसरांचा हुकूम होता. मग आम्ही मधल्या सुट्टीत कडुनिंबाखाली भरवायला लागलो. आता सांगायला हरकत नाही.

दहावीनंतर मी वर्ध्याला शिकलो, तिथून नागपूर, तिथून पुणे. पुस्तकांची पानं लावायचं काम करतो. लोकांचं लिखाण येतं, ते संगणकावर ओळीत, पानात बसवून छापायला द्यायचं. आजवर कित्येकांची पुस्तकं केली असतील. पाककृती केल्या, निवृत्त अधिकाऱ्यांची आत्मचरित्रं केली, एका गृहस्थांनी आपल्या कुत्र्यावर लिहिलं होतं तेही केलं. सर निवृत्त झाले तेव्हा गावानं सत्कार ठेवला. दिलीपनं फोन केला, आमचा सगळा वर्ग जमणार होता. मी गेलो नाही. एका पुस्तकाचं प्रकाशन तोंडावर आलं होतं म्हणे! कुठलं पुस्तक, आता मला आठवतही नाही.

त्यानंतरच्या दिवाळीत गावी गेलो तेव्हा सरांकडे गेलो. चष्म्याची भिंगं जाड झाली होती. काकूंनी सांगितलं, काचबिंदू आहे. डॉक्टर म्हणाले, गेली ती नजर परत येत नाही, उरलेली जितके दिवस टिकेल तितके दिवस. सरांनी आतून खताच्या पोत्याची शिवलेली पिशवी आणली. त्यात अकरा रजिस्टरं. माझ्या मांडीवर ठेवून म्हणाले, "तू लोकाइचे पुस्तकं करतं. याचं कर. मोठं नको करू. आपल्या इथल्या मानसाले वाचता आलं पाह्यजे, अन् मले दिसून राह्यलं तवर झालं पाह्यजे. बस." मी म्हणालो, "सर, पुढच्या दिवाळीच्या आत तुमच्या हातात देतो." त्यांना किती आनंद झाला म्हणून सांगू! काकूंना हाक मारून परत माझ्याकडून ते वदवून घेतलं. मी फाटकाबाहेर पडलो तेव्हा मागून ओरडले, "विनोद, शेवटची वही पहिले उघडजो बरं!" मी मान हलवली.

पिशवी पुण्यात आली आणि माळ्यावर चढली. मला खोटं बोलायचं नाही, म्हणजे आता तरी नाही. मी एकही वही उघडली नाही. अमेरिकेतल्या पलटणी कोण वाचणार, हा विचार माझ्या मनात होताच. सरांचा मान म्हणून करायचं, तर सवडीनं करू. सवड काही झाली नाही. सर महिन्याला एक फोन करत, मी म्हणे, "चालू आहे सर, टायपिंगला दिलंय." ते म्हणत, "होऊ दे, घाई नाई." एवढ्या वेळा मी टायपिंगला दिलं की ऐकणाऱ्याला वाटावं, पुण्यात टायपिंग करणारी सगळी माणसं माझ्याच कामाला लागली आहेत.

वर्षभरानं, ती पुढची दिवाळीही उलटून गेल्यावर, एका दुपारी त्यांचा फोन आला. मी कामात होतो. आवाज जरा निराळा वाटला, दबकत विचारल्यासारखा. "विनोद, थे शेवटची वही उघडली का रे?"

"उघडली ना सर."

"पह्यलं पान वाचलं?"

"वाचलं सर. मस्त आहे."

पलीकडे सरांनी काहीतरी खाली ठेवल्याचा आवाज आला.  मग म्हणाले, "बरं." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "बरं बरं. जेवन झालं का तुहं?" मी हो म्हणालो. ते म्हणाले, "येळेवर जेवत जाजो," आणि फोन ठेवला. त्यानंतर ते तीन वर्षं जगले. महिन्याचे फोन येत राहिले. पुस्तकाचं त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. मला वाटलं, चला, विसरले. म्हाताऱ्या माणसाचा नाद, सुटला. बरंच वाटलं मला. दिलीपकडून कळायचं की आता काहीच दिसत नाही, अक्षर तर सोडाच, माणूस आवाजावरून ओळखतात.

गेल्या उन्हाळ्यात सर गेले. दिलीपनं कळवलं. मी मातीला पोचलो नाही, तेरवीला गेलो. ओसरीवर तीच बाज होती. काकू मला पाहून रडल्या नाहीत, माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि विचारलं, "वह्या बऱ्या आहेत ना रे बाबू? पान्यापावसात नाई ना? ते म्हनत, विनोदजवळ आहेत म्हनजे चिंता नाई." मी म्हणालो, "बऱ्या आहेत काकू." हे मात्र खरं होतं. माळ्यावर कोरड्या होत्या. जेवणाच्या पंगतीत मी खाली मान घालून जेवलो.

पुण्याला परतलो त्या रविवारी सकाळी शिडी लावली, पिशवी उतरवली आणि अकरावी वही काढली. पहिल्याच पानावर सरांचं अक्षर, मोठं मोठं, नजर जाऊ लागल्यावर काढलेलं. नीट, पुस्तकी मराठीत, फळ्यावर लिहीत तसं:

"चि. विनोद, हे पान वाचलंस की पुढचं न वाचता आधी मला फोन कर. या वहीत अमेरिका नाही. ही आपली पलटण आहे, तुमचा दहावीचा वर्ग. एकेचाळीस नावं आहेत. कुठून निघालात, कुठं कुठं गेलात, काय केलंत, हे लिहायचं आहे. निम्म्यांचं मला ठाऊक नाही. तू सगळ्यांना ओळखतोस. तू फोनवर सांग, मी इथं कच्च्या कागदावर उतरून घेतो, डोळे आहेत तोवर होईल. बाकीच्या दहा वह्या मागे राहिल्या तरी चालतील. ही आधी."

मी ते उभ्याउभ्याच वाचलं आणि शिडीच्या पायरीवर बसलो. फोन कर. पहिल्या ओळीतच लिहिलं होतं, आधी मला फोन कर. आणि मी त्या माणसाला सांगितलं होतं की वाचलं सर, मस्त आहे. त्याच क्षणी त्यांना कळलं असणार. कागद-पेन्सिल घेऊनच बसले असतील ते फोनपाशी. तसा दबकत बोललेला आवाज होता. आणि त्यांनी मला पकडलं नाही. एका शब्दानं नाही, नंतरच्या तीन वर्षांत नाही. जेवण झालं का विचारलं. मी मोठा माणूस, घरात एकटाच होतो म्हणून बरं, नाहीतर पोराबाळांसमोर तसं रडणं शोभलं नसतं.

पुढच्याच आठवड्यात अकराही वह्या घेऊन वडनेरला गेलो. दिलीपचं आता हायवेवर टायर-पंक्चरचं मोठं दुकान आहे. दुकानाच्या मागच्या खोलीत आम्ही दोघं अकरावी वही घेऊन बसलो. पान दोन नावांना एक. वर नाव, खाली रकाने: भरती, कूच, मुक्काम, आणि शेवट. काहींचे रकाने सरांनी भरलेले, बाकी कोरे. दिलीपच्या नावापुढं शाईनं लिहिलं होतं, 'हैदराबादेहून परत. हजर.' दिवसभर आम्ही फोन लावत होतो. कोण तळेगावला शिक्षक, कोण हिंगणीला धरणाजवळ शेती करून राहिलेला, एक सुरतेला, एकीचा नवरा फौजेत. प्रत्येक जण आधी विचारी, "काऊन रे, आता काऊन?" सरांचं नाव सांगितलं की सगळं सांगे. पाच नावांचा पत्ताच लागला नाही. तिथं दिलीपच्या गल्ल्यातली पेन्सिल घेऊन आम्ही 'गैरहजर' लिहिलं. गजानन मागच्या वर्षी किडनीच्या दुखण्यानं गेला. सरांनी त्याच्यासमोर 'धाकट्या पोराचं नाव विचारणे' असं टिपून ठेवलं होतं. ते विचारायला मी होतो, सर होते, सांगायला गजूही होता, आणि मधे माझा माळा होता. गजूचा शेवटचा रकाना मी शाईनं भरला. अक्षर वाईट आलं.

माझं नाव शेवटून दुसरं. भरती, कूच, मुक्काम सगळं शाईत: वर्धा, नागपूर, पुणे, 'लोकांची पुस्तकं करतो, काम सुबक आहे.' आणि शेवटच्या रकान्यात पेन्सिलीनं: 'सत्काराला गैरहजर. फोन आला की खोडायला सांगतो.' शेजारी पानाला टाचणीनं खोडरबराचा एक लहानसा तुकडा टोचून ठेवला होता. टाचणीला गंज चढून कागदावर तांबूस ठिपका पडला होता.

दिलीपनं ते वाचलं. मग त्यानं टाचणी काढली, खोडरबर बोटात धरला आणि म्हणाला, "आन ती वही इकडं. मी पाह्यलं ना तुले वापस आलेलं. माहं त्याइनं खोडलतं, तुहं मी खोडतो. चालते."

त्याचा हात कागदावर टेकला होता. मी वही ओढून घेतली.

"राहू दे," मी म्हणालो. "फोन केला नाई मी अजून."